अपवर्क: तासाच्या कामाला भरवशाचं, उक्त्या कामाला जपून

जगभरातल्या क्लायंटची कामं फ्रीलान्सरना मिळवून देणाऱ्या अपवर्क या वेबसाइटबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक दोन टोकांचं. एक तर ‘घरबसल्या डॉलर कमवा’, नाहीतर ‘सगळा फसवणुकीचा बाजार’. काम मिळतं की नाही यावर दोन्हीकडे भरपूर मतं असतात. केलेल्या कामाचे पैसे कुठल्या अटींवर, किती कापून आणि किती दिवसांनी हातात पडतात, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचं घर त्यावरच चालतं. त्या अंगाने पाहिलं तर एका नावाखाली दोन वेगळ्या सेवा चालतात असंच म्हणावं लागेल. तासावरच्या कामाला पाचपैकी चार गुण देता येतील. उक्त्या कामाला, म्हणजे फिक्स्ड प्राइसला, अडीच. तेही तुम्ही स्वतः सावध राहिलात तर.

या फरकाचं मूळ थोडं जुनं आहे. ओडेस्क आणि इलान्स या दोन कंपन्यांनी 2013 च्या डिसेंबरमध्ये एकत्र येण्याचं जाहीर केलं आणि 2015 मध्ये अपवर्क हे नाव आलं. तास मोजणं, स्क्रीनशॉट, दर आठवड्याचं आपोआप निघणारं बिल ही ओडेस्कची ओळख होती. टप्प्याटप्प्याने एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत मधल्या खात्यात, पैसे ठेवून उक्तं काम करणं इलान्सवर जास्त चालायचं. आज दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतात, पण पैशाच्या सुरक्षिततेचे नियम अजूनही वेगवेगळे आहेत.

आधी एक कायदेशीर बाब. अपवर्क तुमची मालक नाही आणि तुमच्या करारातला पक्षही नाही. करार तुमच्यात आणि क्लायंटमध्ये होतो, कंपनी मधली जागा, पैशाची वाट आणि तक्रारीची खिडकी देते. त्यामुळे नोटीस पिरियड, भरपगारी रजा, ‘काम नसलं तरी महिन्याचे एवढे’ असलं काही नाही. क्लायंट एका क्लिकवर कॉन्ट्रॅक्ट बंद करू शकतो आणि त्याने कारण दिलंच पाहिजे असं नाही. दोघांनी वेगळा लेखी करार केला नसेल तर अपवर्कच्या ठरलेल्या अटी लागू होतात. त्यातली लक्षात ठेवायची अट अशी, की पूर्ण पैसे मिळाल्यावर कामाचे हक्क क्लायंटकडे जातात. म्हणजे तुमचा जुना कोड, तयार टेम्प्लेट किंवा स्वतःचा फाँट एखाद्या कामात वापरणार असाल, तर तेवढा भाग वगळल्याचं काम सुरू होण्याआधी मेसेजमध्ये लिहून घ्यावं. नंतर आठवण करून दिल्यास ती घासाघीस वाटते.

आता फी, म्हणजे तुमच्या कमाईतून अपवर्क कापते तो वाटा. इंटरनेटवरचे जुने लेख इथे हमखास चुकीचा आकडा देतात, कारण फी अनेकदा बदलली आहे. 2016 मध्ये उतरती फी आली: एका क्लायंटकडून मिळालेल्या पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के, त्यापुढे 10,000 डॉलरपर्यंत 10 टक्के आणि त्यावर 5 टक्के. 2023 च्या मे महिन्यात ती सरसकट 10 टक्के झाली. मे 2025 पासून नव्या कॉन्ट्रॅक्टवर 0 ते 15 टक्क्यांमधली कुठलीही फी लागू शकते. प्रपोजल, म्हणजे कामासाठीचा अर्ज, पाठवायच्या आधी तो आकडा समोर दिसतो आणि त्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटपर्यंत तोच राहतो. जुनी उतरती फी गेल्याचा तोटा खरं तर चांगल्या, टिकून राहणाऱ्या फ्रीलान्सरला झाला. एकाच क्लायंटकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला तेव्हा 5 टक्क्यांचा फायदा मिळायचा, आता निष्ठेला सवलत नाही.

फी धरून दर काढताना बरेच जण हिशेबात गडबड करतात. हातात तासाला 30 डॉलर हवेत आणि फी 15 टक्के आहे, तर 30 वर 15 टक्के चढवून 34.50 लावतात. त्यातून 15 टक्के कापले की उरतात 29.33. बरोबर पद्धत भागाकाराची आहे: 30 भागिले 0.85, म्हणजे 35.29. फी 10 टक्के असेल तर 30 भागिले 0.90, म्हणजे 33.33.

खर्च फीपाशी थांबत नाही. प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स, म्हणजे अपवर्कची टोकनं, लागतात आणि एक कनेक्ट 15 सेंटला विकत मिळतो. कामागणिक किती कनेक्ट्स लागतील ते बदलतं. त्यावर ‘बूस्ट’ नावाचा लिलाव असतो: जास्त कनेक्ट्स बोली लावली की तुमचं प्रपोजल यादीत वर चढतं. बूस्टचा मोह आवरावा हे बरं. वर दिसलेलं सुमार प्रपोजल फक्त लवकर नाकारलं जातं. क्लायंटने स्वतःहून आमंत्रण पाठवलं असेल तर उत्तराला कनेक्ट्स लागत नाहीत. म्हणून प्रोफाइलच्या शीर्षकात ‘अष्टपैलू डिझायनर’ असं मोघम लिहिण्यापेक्षा नेमकं काम लिहिणं स्वस्त पडतं, उदाहरणार्थ ‘औषधांच्या पॅकेजिंगचं आर्टवर्क’. आमंत्रणं अशा शोधातून येतात.

कनेक्ट्स कुठे घालायचे हे ठरवायला कामाच्या जाहिरातीच्या बाजूची पट्टी पुरेशी असते, फक्त ती नीट वाचायला हवी. पेमेंट मेथड व्हेरिफाइड आहे का, म्हणजे क्लायंटचं पैसे देण्याचं साधन तपासलेलं आहे का, हे पहिलं. क्लायंटने आजवर किती कामं टाकली आणि त्यातली किती खरोखर कुणाला दिली, हे दुसरं. वीस जाहिराती आणि हायर रेट 15 टक्के असेल तर तो माणूस भाव काढतो आहे, काम देत नाही. मग त्याने आजवर तासाला सरासरी किती दिले ते बघा. सरासरी 8 डॉलर देणारा क्लायंट तुमच्यासाठी 40 वर येणार नाही, प्रपोजल कितीही सुंदर असो. खाली ‘क्लायंटने शेवटचं कधी पाहिलं’ आणि ‘किती जणांशी बोलणं चालू आहे’ हेही दिसतं. चार-पाच जणांशी बोलणं सुरू आहे आणि क्लायंट आठवडाभर फिरकलेला नाही, अशा ठिकाणी पाठवलेले कनेक्ट्स गेलेच म्हणून समजा. शेवटी, आधी कामं झाली असतील तर त्याने फ्रीलान्सरना दिलेले आणि फ्रीलान्सरनी त्याला दिलेले शेरे वाचा. सतत ‘संवाद कमी पडला’ लिहिणाऱ्या क्लायंटच्या बाबतीत संवाद कुणाचा कमी पडतो हे तीन-चार शेऱ्यांत कळतं.

प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळीच क्लायंटला यादीत दिसतात. तिथे ‘मला सात वर्षांचा अनुभव आहे’ घालवू नका. त्याच्या जाहिरातीतली अडचण उचला आणि तिच्यावर एक नेमका प्रश्न किंवा एक नेमका उपाय लिहा. बाकीचं उघडल्यावर वाचलं जातं.

कॉन्ट्रॅक्ट सुरू होण्याआधी टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणणारा, ओळखपत्राच्या नावाखाली अनामत मागणारा, चेक पाठवून त्यातून उपकरणं घ्यायला सांगणारा, असे सगळे एकाच जातीचे. उत्तर न देता रिपोर्ट करावं. फुकट नमुना मागणारा वेगळा. तो नेहमी चोर असतोच असं नाही, पण त्याला पैशांचा छोटा माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेल्या रकमेचा टप्पा, करायला सांगून बघा. खरा क्लायंट बहुधा तयार होतो.

आता तासाचं कॉन्ट्रॅक्ट. या सेवेचा सगळ्यात पक्का भाग हाच, आणि सगळ्यात जाचकही. कॉम्प्युटरवर अपवर्कचं डेस्कटॉप अ‍ॅप चालू करायचं, कॉन्ट्रॅक्ट निवडायचं, मेमोत काय करतो आहोत ते लिहायचं आणि टायमर सुरू. अ‍ॅप वेळेचे 10-10 मिनिटांचे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यात कुठल्या तरी क्षणी एक स्क्रीनशॉट निघतो आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली मोजल्या जातात. कुठली कळ दाबली ते नोंदवलं जात नाही, किती वेळा दाबली तेवढंच. हे सगळं वर्क डायरीत जातं आणि क्लायंटला दिसतं. कागदावर स्वतंत्र कंत्राटदार म्हणायचं आणि दर 10 मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढायचा, यातली विसंगती कुणालाही दिसेल. पण त्याच्या बदल्यात जे मिळतं ते बाहेरच्या बाजारात जवळपास मिळत नाही. क्लायंटचं कार्ड नाकारलं गेलं किंवा त्याने तासांवर हरकत घेतली, तरी अटी पाळलेल्या असतील तर त्या तासांचे पैसे अपवर्क देते. याला अवरली पेमेंट प्रोटेक्शन म्हणतात.

अटी नेमक्या आहेत आणि एकही सुटून चालत नाही. क्लायंटची पेमेंट मेथड व्हेरिफाइड हवी. वेळ अ‍ॅपमधूनच नोंदलेला हवा. मेमो समजण्यासारखा हवा. स्क्रीनशॉटमध्ये त्या कॉन्ट्रॅक्टचंच काम दिसायला हवं आणि हालचालींची पातळी पुरेशी हवी. तास आठवड्याच्या मर्यादेत हवेत. हाताने भरलेले तास, म्हणजे मॅन्युअल टाइम, या संरक्षणात येत नाहीत, बोनसही येत नाही. संरक्षणाच्या रकमेला वरची मर्यादा आहे. दर मोठा असेल तर अटींमधला तो परिच्छेद आधी वाचून ठेवा आणि एका नव्या क्लायंटकडे बिल थकवत नेऊ नका.

मेमो हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. दिवसभर ‘काम चालू’ किंवा नुसतं ‘डिझाइन’ लिहून ठेवतात. हरकत आली की तपासणारा माणूस मेमो आणि स्क्रीनशॉट जुळवून बघतो. ‘चेकआउट पानावर पत्ता सेव्ह होत नाही, फॉर्म व्हॅलिडेशन तपासणे’ असं लिहिलेलं असेल आणि स्क्रीनवर तीच फाइल उघडी असेल तर बोलण्यासारखं काही उरत नाही. काम बदललं की मेमो बदलायचा, एवढीच सवय लागते.

हालचालींचा निकष विचाराच्या कामावर अन्याय करतो. चाळीस पानांचा करार वाचणारा अनुवादक, आकृती कागदावर काढणारा आर्किटेक्ट, क्लायंटशी तासभर कॉलवर असलेला सल्लागार, हे सगळे अ‍ॅपच्या लेखी रिकामे बसलेले असतात. यावर नकली हालचाली करणारी साधनं वापरणं म्हणजे खातं बंद होण्याला आमंत्रण. त्याऐवजी वाचताना टिपणं कॉम्प्युटरवरच घ्या, कॉलचे मुद्दे समोरच्या फाइलमध्ये टाइप करत जा. तेही जमण्यासारखं नसेल, तर त्या भागासाठी वेगळा उक्ता माइलस्टोन ठरवा. जुना, पैसे वेळेवर देणारा क्लायंट असेल तर मॅन्युअल टाइम मागायला हरकत नाही, मात्र ती परवानगी क्लायंटने कॉन्ट्रॅक्टमध्ये द्यावी लागते आणि ते तास विश्वासावरचे आहेत हे विसरू नका.

स्क्रीनशॉटचा दुसरा धोका गुप्ततेचा. टायमर चालू असताना बँकेचं पान, घरचे फोटो किंवा दुसऱ्या क्लायंटची फाइल उघडी राहिली, तर ती या क्लायंटच्या डायरीत जाऊन बसते. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असेल तर हे प्रकरण फीपेक्षा महागात पडू शकतं. नको असलेला स्क्रीनशॉट काढून टाकता येतो, पण त्याबरोबर ती 10 मिनिटंही बिलातून जातात. कामासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवणं आणि नोटिफिकेशन बंद ठेवणं हा साधा उपाय आहे. जेवायला उठताना टायमर चालू राहिला असेल तर तेवढे तुकडे त्याच आठवड्यात स्वतःच काढून टाका. क्लायंटने पाहिल्यावर काढणं आणि त्याआधी काढणं यात विश्वासाचा मोठा फरक पडतो.

आठवडा यूटीसी, म्हणजे ग्रीनिचच्या, वेळेप्रमाणे सोमवारी मध्यरात्री सुरू होतो आणि रविवारी मध्यरात्री संपतो. ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्याची सोमवारची पहाट अपवर्कच्या लेखी अजून रविवारच असते, आणि पश्चिमेला राहणाऱ्याच्या रविवारी संध्याकाळीच नवा आठवडा लागलेला असतो. साप्ताहिक मर्यादा याच घड्याळाने पुन्हा शून्यावर येते. मर्यादा 20 तासांची असेल आणि तुम्ही 22 तास नोंदवले, तर वरच्या दोन तासांचं बिल निघत नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्ट करताना अंदाजापेक्षा थोडी जास्त मर्यादा मागा. गुरुवारपर्यंत तास संपत आले की थांबून क्लायंटला मर्यादा वाढवायला सांगा, ‘पुढच्या आठवड्यात टाकू’ या तोंडी आश्वासनावर काम करू नका.

सोमवारी यूटीसी दुपारी 12 पर्यंत तुम्हाला मागच्या आठवड्याच्या नोंदी दुरुस्त करता येतात. मग बिल निघतं. शुक्रवारपर्यंत क्लायंट तपासतो. पैसे उचलण्यासाठी मोकळे होतात त्यानंतरच्या बुधवारी, म्हणजे आठवडा संपल्यापासून 10 दिवसांनी. रविवारी केलेलं काम 10 दिवसांत सुटतं, सोमवारी केलेल्या कामाला 16 दिवस लागतात. वर बँकेचे दिवस वेगळे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रपोजल, मुलाखत, पहिला आठवडा आणि ही वाट मिळून पहिला पैसा हातात यायला महिना-दीड महिना सहज लागेल असं धरूनच घरखर्चाची सोय ठेवावी.

उक्तं काम वरवर सोपं वाटतं: रक्कम ठरली, काम दिलं, पैसे घेतले. प्रत्यक्षात सगळी भांडणं इथेच होतात. क्लायंटने माइलस्टोनचे पैसे एस्क्रोत भरले की ते मधल्या मध्ये सुरक्षित राहतात. पण फक्त भरलेल्या माइलस्टोनचे. 1,000 डॉलरच्या कामात पहिला 200 चा माइलस्टोन भरलेला असेल आणि पुढचे चार नुसते यादीत लिहिलेले असतील, तर तुमच्या हातात 200 चीच हमी आहे. ‘फंडेड’ हा शब्द दिसल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही, क्लायंट कितीही गोड बोलत असला तरी.

काम पूर्ण झाल्यावर फाइल मेसेजमध्ये पाठवून ‘झालं’ म्हणणं ही सर्रास होणारी चूक. अपवर्कच्या लेखी ते काम सादर झालेलं नसतं. माइलस्टोनवर जाऊन पेमेंटसाठी काम सबमिट करायचं बटण दाबावं लागतं, तिथेच फाइल जोडावी लागते. ते केल्यापासून क्लायंटला 14 दिवस मिळतात. त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. त्याने बदल मागितले तर हे घड्याळ थांबतं आणि तुम्ही पुन्हा सबमिट केल्यावर नव्याने सुरू होतं. म्हणून बदल करून झाले की दरवेळी पुन्हा सबमिट करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही वाट बघत बसाल आणि घड्याळ बंदच असेल. पैसे सुटल्यावर आणखी 5 दिवस ते सुरक्षेसाठी अडकून राहतात. म्हणजे गप्प बसलेल्या क्लायंटकडून पैसे यायला सबमिट केल्यापासून 19 दिवस, आणि प्रत्येक फेरीला त्यात भर.

याच्या उलट एक छोटी मुदत तुमच्या विरुद्ध चालते. क्लायंटने एस्क्रोतले पैसे परत मागितले आणि तुम्ही 7 दिवसांत काहीच उत्तर दिलं नाही, तर ते त्याच्याकडे परत जातात. तुम्ही गावाला गेला होतात, आजारी होतात, मेल स्पॅममध्ये गेला, यातलं काहीही ऐकलं जात नाही. फिक्स्ड प्राइसचं एखादं कॉन्ट्रॅक्ट उघडं असेल तर सुट्टीतही दर दोन-तीन दिवसांनी खातं बघायला हवं.

वाद झालाच तर आधी अपवर्कचा माणूस दोघांचं ऐकून तोडगा सुचवतो. तो बंधनकारक नसतो. पुढे लवादाकडे जायचं तर दोन्ही बाजूंना फी भरावी लागते, आणि दोनशे-चारशे डॉलरच्या कामासाठी तो व्यवहार परवडत नाही. दोघांनाही हे माहीत असतं. त्यामुळे छोट्या कामात जो जास्त वेळ हटून बसतो त्याचं चालतं. निर्णय करताना अपवर्कवरचे मेसेज आणि फाइल बघितल्या जातात. फोनवर ‘चालेल, तसंच करा’ म्हटलेलं असेल तर कॉल संपल्यावर तीन ओळींचा मेसेज टाका: काय ठरलं, काय ठरलं नाही, केव्हापर्यंत.

उक्त्या कामाचा जीव माइलस्टोनच्या वर्णनात असतो. ‘वेबसाइट बनवणे’ असं लिहिलेलं वर्णन वादात शून्य किमतीचं. ‘पाच पानांचं डिझाइन, मोबाइल आणि डेस्कटॉप, फिग्मा फाइल, दोन फेऱ्यांपर्यंत बदल, मजकूर आणि फोटो क्लायंट देणार, होस्टिंग आणि भाषांतर यात नाही’ असं लिहिलं तर कुणालाही तपासता येतं. काय यात येत नाही, ही ओळ सगळ्यात जास्त कामाला येते. तिसऱ्या फेरीचा दर आधीच लिहून ठेवला तर तिसरी फेरी बहुतेक वेळा होतच नाही. पहिला टप्पा लहान, एकूण रकमेच्या 20 ते 25 टक्क्यांचा ठेवा, म्हणजे माणूस कसा आहे ते स्वस्तात कळतं. शेवटच्या टप्प्याचे पैसे भरलेले दिसेपर्यंत मूळ संपादन करता येणारी फाइल द्यायची नाही. डिझायनरने कमी रिझोल्यूशनची पीडीएफ दाखवावी, वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर चालवून दाखवावी, अनुवादकाने पहिली दोन पानं द्यावीत.

दराचा खरा हिशेब आता मांडता येतो. समजा प्रोफाइलवर तासाला 40 डॉलर लिहिले आहेत आणि आठवड्यात 40 तास तुम्ही कामावर बसता. त्यातले बिलात जाणारे 26. बाकीचे प्रपोजल, मुलाखती, हिशेब, मेसेज, नवीन साधन शिकणं यात जातात. 26 तासांचे 1,040 डॉलर. 10 टक्के फी 104, उरले 936. आठवड्यात दहा प्रपोजल, सरासरी 14 कनेक्ट्सप्रमाणे 140 कनेक्ट्स, म्हणजे 21 डॉलर. उरले 915. बँकेत पाठवायचे 99 सेंट कापले की 914. भागिले 40, तासाला साधारण 22.85. वर्षातले सहा आठवडे सुट्टी, आजारपण आणि काम नसण्यात गेले तर 52 आठवड्यांवर पसरून तो आकडा 20.21 होतो. अजून यात लॅपटॉप, सॉफ्टवेअर, विमा आणि कर आलेले नाहीत. लिहिलेल्या दराचा जेमतेम निम्मा हातात पडतो, त्यामुळे नोकरीच्या पगाराला तासांनी भागून आलेला आकडा प्रोफाइलवर लावणारा माणूस पहिल्या दिवसापासून तोट्यात असतो. यात सगळ्यात जास्त फरक बिलात न जाणारे तास कमी केल्याने पडतो. प्रपोजलच्या दहा जागी चार, पण निवडून. एकदाच्या कामांऐवजी दर आठवड्याला 10 तास देणारे दोन क्लायंट.

जॉब सक्सेस स्कोर, म्हणजे प्रोफाइलवर टक्क्यांत दिसणारा गुण, याबद्दल थोडक्यात. क्लायंट जे तारे जाहीर देतो त्याशिवाय एक खासगी शेरा देतो, जो तुम्हाला कधीच दिसत नाही, आणि स्कोरमध्ये तो धरला जातो. म्हणून पाच तारे मिळूनही स्कोर उतरल्याचं पाहून लोक गोंधळतात. 90 टक्के किंवा त्याहून वर राहिलं आणि बाकीच्या अटी पुऱ्या केल्या की टॉप रेटेड हा बिल्ला मिळतो. त्याचा खरा उपयोग असा, की ठरावीक अंतराने एखादा वाईट शेरा काढून टाकता येतो. ही व्यवस्था पारदर्शक नाही आणि तिच्या भीतीने लोक फुकट बदल करत राहतात. कापलेल्या गुणांतले निम्मे इथेच गेले.

अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटशी बाहेर व्यवहार करायला 24 महिने मनाई आहे. त्याआधी बाहेर पडायचं तर कन्व्हर्जन फी भरावी लागते. कॉन्ट्रॅक्टआधी फोन नंबर किंवा ईमेल देणंही नियमात बसत नाही. पोर्टफोलिओच्या पीडीएफच्या तळाशी छापलेला नंबर त्यात येतो, तो आधीच काढून टाका. दोन-पाच टक्के वाचवायला गुपचूप बाहेर पैसे घेणाऱ्याचं खातं बंद झालं, तर शेरे, स्कोर आणि चालू कॉन्ट्रॅक्ट सगळं एका दिवसात जातं.

पैसे उचलताना स्थानिक बँकेत पाठवायचा पर्याय 99 सेंटला स्वस्त दिसतो, पण डॉलरचं रूपांतर ज्या दराने होतं तो त्या दिवशीच्या बाजारातल्या दराशी ताडून बघा. खरी कपात तिथे असू शकते. रोज थोडे थोडे उचलण्यापेक्षा एकत्र उचला. नवीन खातं जोडल्यावर ते वापरता यायला तीन दिवस लागतात, तेव्हा घरभाड्याच्या आदल्या दिवशी खातं बदलू नका.

कागदपत्रांसाठी अपवर्कच्या भरवशावर राहू नका. खातं तपासणीत अडकलं तर आतलं काही उघडेलच असं नाही. दर महिन्याला रिपोर्ट्समधून व्यवहारांची यादी सीएसव्हीमध्ये आणि प्रत्येक बिल पीडीएफमध्ये उतरवून घ्या, कर भरताना तेच लागतं. माइलस्टोनचं वर्णन आणि ज्यात काही ठरलं ते मेसेज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ज्या क्लायंटशी कुरबूर चालू आहे, त्याच्या वर्क डायरीच्या पानांची प्रतही त्याच आठवड्यात काढून घ्या.